एक जीव उसना

पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणसाला एखादा छंद असावा, असं शहाणी माणसं सांगतात. तो चारचौघांत सांगण्यासारखा असावा, हे सांगायला मात्र विसरतात. आमच्या हिमायतनगरात माझ्या वयाच्या माणसांची रीतसर सोय आहे. सकाळी फिरायला जावं, संध्याकाळी परमेश्वराच्या देवळात टेकावं आणि मधल्या वेळात कापसाच्या भावाची काळजी करावी. ही तिन्ही कामं मी करतो. पण रात्री जेवणं उरकली की दार लोटून घेतो आणि व्हिडिओ गेम खेळतो.

त्यासाठी नांदेडहून एक जुना प्लेस्टेशन आणला. दुकानदारानं विचारलं, "मुलासाठी का?" मी "हो" म्हणालो. एका छंदापायी दोन दुर्गुण लागतात ते असे.

खेळण्याचं एक वेळ लपवता येतं, पण मतं लपत नाहीत. आणि माझी मतं आहेत. हल्ली जो तो जुन्याच खेळाचा पुढचा भाग काढतो, जुनाच खेळ नव्यानं करतो, नाहीतर जुन्याला शेपूट जोडतो. याबद्दल मला इतकं बोलायचं असतं की एकदा चहाच्या हॉटेलात मला राहवलं नाही. मी 'रिमेक' हा शब्द उच्चारला. समोरच्या निवृत्त गुरुजींनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "रिमेक म्हणजे जुनंच ना? मंग पैसे परत कामून घ्यायलेत?"

प्रश्न इतका मूलभूत होता की मी चहाचे पैसे देऊन घरी आलो. त्याचं उत्तर आज देतो आहे.

आधी परिभाषा. इंग्रजी शब्दांना घाबरायचं कारण नाही. हे सगळे प्रकार आपल्या गल्लीत आहेत. सीक्वेल म्हणजे थोरल्या मुलानं शेजारच्या प्लॉटवर बांधलेलं घर. आडनाव तेच, खर्च जास्त. रिमेक म्हणजे बापाचा वाडा पाडून त्याच जागी उभं केलेलं स्लॅबचं घर. रीमास्टर म्हणजे दिवाळीचा चुना. आणि एक्स्पान्शन म्हणजे मागच्या अंगणात काढलेली जादा खोली; तिथं जायचं तर आधीच्या घरातूनच जावं लागतं.

खुद्द आमचं गाव घ्या. जुनं नाव वाढोणा. निजामाच्या राजवटीत त्याचं हिमायतनगर झालं. देव तोच, वेस तीच, धूळ तीच, पाटी नवी. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी आमची रेल्वे मीटरगेजची होती, तिचं ब्रॉडगेज झालं. रूळ रुंद झाले, पण फलाटावर वाट बघणारा माणूस पूर्वीसारखाच मान लांब करून बघतो. म्हणजे जन्मापासून मी रिमेकमध्येच राहतो. मतं असणारच.

व्हिडिओ गेम आमच्या घरात आला तो नव्वदीच्या दशकात. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १९८३ साली फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं होतं. त्याच्या नकला दहा वर्षांनी फिरत फिरत आपल्याकडच्या बाजारात पोचल्या. टीव्हीला जोडायचा डबा, दोन पॅड आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलं होतं : ९९९९ खेळ. आम्ही दोघा भावांनी उन्हाळ्याच्या सुटीत ते मोजायला घेतले. तेराव्या खेळापाशी पहिलाच खेळ पुन्हा आला. फक्त आकाश निळ्याचं हिरवं झालं होतं. जुनाच माल नव्या आकड्यानं विकण्याची कला मला त्या दिवशी, फार लवकर, समजली.

खरा खेळ एकच होता, 'कॉन्ट्रा'. जपानच्याच कोनामी कंपनीनं १९८७ साली तो काढला. दोन उघडेबंब सैनिक बंदुका घेऊन जंगलातून पळतात आणि दिसेल त्याला गोळी घालतात, एवढीच कथा. युरोपात मात्र माणसांनी माणसं मारलेली चालणार नाहीत म्हणून त्याच खेळात माणसांच्या जागी यंत्रमानव बसवले आणि नाव ठेवलं 'प्रोबोटेक्टर'. म्हणजे नाव बदलण्यात निजाम एकटा नव्हता.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्यामुळे पहिला पॅड त्याचा, निळी विजार त्याची. दुसरा पॅड आणि लाल विजार माझी. एक गोळी लागली की माणूस खलास. असे तीन जीव मिळायचे. खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती आणि वीज तर कुणाच्या बापाची नव्हती. सातव्या टप्प्यावर भारनियमन झालं की पुन्हा पहिल्या जंगलापासून सुरुवात. माझ्या पिढीत जी थोडीफार सहनशीलता आहे ती अशी आली आहे.

दादानं कुठूनसा एक मंत्र आणला. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं आणि मग दोन बटणं. तीस जीव! हा मंत्र काझुहिसा हाशिमोटो नावाच्या गृहस्थांचा. १९८६ साली 'ग्रॅडियस' नावाचा खेळ तपासताना तो त्यांना स्वतःलाच जमेना, म्हणून त्यांनी ही चोरवाट करून ठेवली आणि काढायची राहून गेली. २०२० साली ते वारले, तेव्हा जगभरातल्या पोक्त माणसांनी हळहळ व्यक्त केली. मीही केली, दार लोटून.

पण तीस जीवही पुरायचे नाहीत, आणि त्याला कारण दादा. कॉन्ट्रात आपले जीव संपले की बटण दाबून जोडीदाराच्या गाठोड्यातला एक उचलता येतो. विचारायची गरज नसते. दादा धाडसी, म्हणून आधी तोच मरायचा. आणि मी जपून जपून साठवलेले जीव तो एकेक करून न्यायचा. "उसना घ्यायलो बे, देतो की नंतर!" त्याची परतफेड कशी करायची हे कोनामीनं ठरवलेलंच नव्हतं.

तिसरा टप्पा धबधब्याचा. आमच्याजवळच पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे, तो बघितलेला असल्यानं हा टप्पा आम्हाला घरचा वाटायचा. इथं उड्या मारत वर चढायचं असतं. अडचण अशी, की जो पुढं चढतो त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला पडद्याबाहेर जाऊन मरतो. त्याला कुणी मारत नाही. तो फक्त मागं राहतो. दादा कधीच थांबला नाही. "खाली काय करायलास बे? वर ये की!" असं तो ओरडेपर्यंत मी गेलेला असायचा.

असो. गुरुजींचा प्रश्न राहिला : जुन्याचे पैसे परत का द्यायचे?

तर त्याचं पहिलं उत्तर असं, की ही फॅशन आजची नाही. परंपरा सांगते, व्यासांचा 'जय' ८,८०० श्लोकांचा, त्याचं 'भारत' झालं २४,००० श्लोकांचं आणि शेवटी 'महाभारत' एक लाखाचं. शिवाय वरून हरिवंश, ज्याला खिल म्हणजे पुरवणी असंच म्हणतात. यापेक्षा मोठं एक्स्पान्शन अजून कुठल्या कंपनीला साधलेलं नाही.

आणि मराठवाड्यातला पहिला रीमास्टर झाला पैठणला, शके १५०६ म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये. ज्ञानेश्वरी लिहून झाली होती १२९० साली. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी चुका घुसडल्या, हौशी मंडळींनी आपल्या पदरच्या ओव्या घातल्या. एकनाथमहाराजांनी पोथ्या ताडून तो सगळा गाळ उपसला, आणि शेवटी बजावून ठेवलं की यापुढं कुणी यात आपली ओवी घालू नये. लक्षात घ्या, हे सांगणारा माणूस स्वतः हजारो ओव्या लिहिणारा होता. त्यांना भर घालता आली नसती का? पण दुसऱ्याच्या घराला चुना लावताना खिडकी सरकवायची नसते, हे त्यांना ठाऊक होतं.

सीक्वेलचं उदाहरणही नाथांच्याच घरातलं. भावार्थ रामायण युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायापर्यंत आलं आणि नाथांनी देह ठेवला. पुढचं पूर्ण केलं त्यांच्या शिष्यानं, गावबानं. हा गावबा मुळात पुरणपोळीच्या ओढीनं नाथांच्या घरी राहिलेला, बुद्धीनं बेताचा पोरगा, अशी आख्यायिका आहे. म्हणजे पुढचा भाग कुणाच्या हाती जाईल, हे मूळ लेखकाला कधीच सांगता येत नाही. कधी कधी मात्र तो चांगल्या हाती जातो.

ही नाथांची फूटपट्टी घेऊन मी अलीकडचे खेळ मोजतो.

'रेसिडेंट ईव्हिल फोर' २००५ सालचा. त्याचा रिमेक आला २०२३ मध्ये. स्पेनमधल्या आडगावात एक माजी पोलीस जातो आणि गावकरी कुऱ्हाडी, कोयते घेऊन त्याच्या अंगावर येतात. शहरातले लोक याला भयकथा म्हणतात. आमच्याकडे याला धुऱ्याचा वाद म्हणतात. कॅपकॉम कंपनीनं इथं वाडा पाडला, पण जोतं हलवलं नाही. चाकू आता झिजतो, चालताना गोळी मारता येते. भीती मात्र जुन्या जागीच आहे. याला मी पूर्ण गुण देतो.

याच्या उलट 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चे तीन जुने खेळ. त्यातल्या २००२ सालच्या 'व्हाइस सिटी'नं आपल्याकडच्या सायबर कॅफेवाल्यांची घरं चालवली. २०२१ साली तिन्हींना एकदम चुना लावला, तो यंत्रानं. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं चुकली, पाऊस असा पडू लागला की रस्ता दिसेना. कंपनीला माफी मागावी लागली. पाट्यांवरचं अशुद्धलेखन आम्ही रोज फुकट वाचतो, त्यासाठी पैसे का मोजावेत?

एक्स्पान्शनचं म्हणाल, तर 'एल्डन रिंग' २०२२ साली आला आणि त्याची जादा खोली, 'शॅडो ऑफ द अर्डट्री', जून २०२४ मध्ये. पण खोलीच्या दारात पोचायला आधीच्या घरातले दोन भयंकर राक्षस मारावे लागतात. आणि आत गेलं तर खोली कसली, अख्खं गाव आहे! ते इतकं अवघड निघालं की जगभर ओरड झाली आणि कंपनीनं काही दिवसांतच थोडं सोपं केलं. आमच्या पालकसभेत एवढी सुनावणी होत नाही. 'हॉलो नाइट'ची तऱ्हा आणखी वेगळी. ऑस्ट्रेलियातल्या दोन-चार पोरांनी त्याला एक खोली जोडायला घेतली. ती बांधता बांधता निराळं घर झालं. त्याचं नाव 'सिल्कसॉन्ग'. २०१९ साली नारळ फुटला, वास्तुशांत सप्टेंबर २०२५ मध्ये. चुलत्यांच्या घराला यापेक्षा जास्त वर्षं लागली होती, म्हणून मी रागावलो नाही.

सीक्वेलमध्ये माझं मन 'गॉड ऑफ वॉर'वर आहे. २००५ साली त्याचा नायक क्रेटॉस हा निव्वळ रागाचा गोळा होता. पुढच्या भागांत त्यानं ग्रीक देवांची सालटी काढली. २०१८ मध्ये तोच माणूस दाढी वाढवून थंड मुलखात भेटला, बरोबर लहान मुलगा. २०२२ मध्ये पुढचा भाग आला आणि डिसेंबर २०२३ मध्ये एक जादा खोली, तीही फुकट. फुकट म्हटल्यावर मी पहिल्याच आठवड्यात शिरलो. तिथं हा माणूस आपल्या तरुणपणीच्या कृत्यांसमोर उभा राहतो. पुढचा भाग काढायचा तर तो असा असावा. नायकाचं वय वाढलेलं असावं. नाहीतर तेरावा खेळ आणि हिरवं आकाश!

आता दुःखाचा विषय. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा १९८९ सालचा खेळ जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणानं जवळजवळ एकट्यानं केला. राजपुत्र खऱ्या माणसासारखा पळावा म्हणून त्यानं आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि ते एकेक चित्र उतरवून घेतलं. संगीत दिलं वडिलांनी. सगळं जग ज्याला राजपुत्र समजलं तो मुळात कुणाचा तरी, थोरल्यानं पळवलेला धाकटा भाऊ होता. मला हे वाचून फार बरं वाटलं.

त्याच नावाचा 'सँड्स ऑफ टाइम' आला २००३ साली, युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियलच्या कचेरीतून. त्यात राजपुत्राजवळ एक खंजीर असतो. चूक झाली, कड्यावरून पडला, की खंजिराचं बटण दाबायचं. काळ मागं जातो. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की याचा रिमेक होणार आणि तो करणार युबिसॉफ्टच्या पुण्या-मुंबईच्या कचेऱ्या! त्या दिवशी मी हॉटेलात सगळ्यांना चहा पाजला. त्याच साली पुण्याच्याच नॉडिंग हेड्स कंपनीचा 'राजी' हा खेळ आला होता. त्यात एक मुलगी हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत राक्षसांशी लढते. आता मराठी मुलखाला थांबवणारं कोण, असं मला वाटलं.

पुढं काय झालं ते मराठवाड्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. जानेवारी २०२१ ही तारीख होती. नमुना पाहून लोकांनी चेहऱ्यांना नावं ठेवली. तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून मॉन्ट्रियलला नेलं. आणि जानेवारी २०२६ मध्ये, पहिल्या तारखेनंतर पाच वर्षांनी, कंपनीनं तो रद्दच करून टाकला. घोषणा, मुदत, मुदतवाढ, कचेरी दुसरीकडे आणि शेवटी फाइल बंद. आमच्याकडच्या कैक योजनांचा हाच रिमेक आहे.

पण मला त्या पोरांचं वाईट वाटतं. त्यांची स्पर्धा २००३ सालच्या खेळाशी नव्हतीच. तो आज लावून बघा, त्यातलेही चेहरे लाकडी आहेत. त्यांची स्पर्धा लोकांच्या आठवणीशी होती. आणि आठवणीतल्या चेहऱ्यांवर कुणी बोट ठेवू शकत नाही. काळ मागं नेणारा खंजीर कंपनीला खेळात ठेवता आला, कचेरीत ठेवता आला नाही.

आमच्याही घरात नव्हता. २०१६ साली आमची वाटणी झाली. दादा तोवर नांदेडला नोकरीत स्थिरावला होता. पडदा त्याच्याबरोबर कधीच वर सरकला होता. जमीन शांतपणे वाटली गेली. अडलं ते धुऱ्यावरच्या एका चिंचेपाशी. झाड कुणाचं? शब्दाला शब्द लागला. "तू आयुष्यभर माझंच घेत आलास," असं मी म्हणालो. खरं सांगायचं तर ते बोलताना माझ्या डोळ्यांसमोर चिंच नव्हती, पिवळी कॅसेट होती. नंतर आठ वर्षं आम्ही लग्नकार्यात एकमेकांना बघून पाणी प्यायला उठायचो.

२०२४ ची महाशिवरात्र होती ८ मार्चला. परमेश्वराच्या यात्रेला दादा सहकुटुंब आला, उतरला मामांकडे. १२ मार्चला 'कॉन्ट्रा'चा रिमेक निघाला, 'ऑपरेशन गलुगा'. पुतण्या पुण्यात शिकतो. तो सरळ माझ्याकडे आला, "काका, तुमच्याकडं यंत्र आहे, माझ्याकडं गेम आहे," म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी बापाला, काय थाप मारली कोण जाणे, घेऊन आला. सौभाग्यवतीनं चहा ठेवला. बोलायला विषय नव्हता. पुतण्यानं दोघांच्या हातात पॅड दिले.

नवा खेळ देखणा आहे. एका गोळीत मरायचं की दमादमानं, हे आधी विचारतात. मधे मधे माणसं संभाषण करतात. आम्ही दोघंही चष्मे सावरत बटणं शोधत होतो. अर्ध्या तासानं दादा माझ्याकडे न बघता पुतण्याला म्हणाला, "जुनं नाही का बे, ह्याच्यात?"

होतं. कोनामीनं २०१९ साली जुन्या कॉन्ट्रांचा एक गठ्ठा काढला होता, त्यात आमचा कॉन्ट्रा जसाच्या तसा आहे. चुनासुद्धा लावलेला नाही. पहिल्या जंगलाचं संगीत सुरू झालं आणि आमचे अंगठे आम्हाला न विचारता चालू लागले. निळी विजार, लाल विजार. वर वर, खाली खाली हा मंत्र दोघांनी एकदम म्हटला; पुतण्या चकित झाला.

तिसऱ्या टप्प्यावर धबधबा आला. दादा दोन उड्या वर गेला. मी सवयीनं मरायची तयारी केली. पडदा हलला नाही. निळी विजार एका दगडावर उभी होती, वरून गोळ्या येत होत्या, आणि ती तिथंच, उगीच वाकून उठून, वाकून उठून, उभी होती.

"ये," दादा म्हणाला. "थांबलोय."

त्या थांबण्यात त्याचे चार जीव गेले. शेवटी शेवटी माझे संपले. मी पॅड खाली ठेवायला लागलो, तर तो म्हणाला, "ठेवायलास कामून? घे की माझा एक. किती घेतले होते तुझे."

तेव्हा गुरुजी, पैसे परत कशाचे घेतात ते कंपनीला विचारा. मी देतो ते दुसरा पॅड जोडायचे देतो.

चिंचेचा निकाल अजून लागलेला नाही; दोघंही तो लावायचं टाळतो आहोत. यंदा चिंचा झोडपल्या तेव्हा मी एक पोतं नांदेडला पाठवून दिलं. संध्याकाळी दादाचा फोन आला.

"मोजून पाठवल्यास का?"

"नाही."

"मंग बरं," तो म्हणाला.